चुलतभावाने खोटी तक्रार दिलीय, उलटी केस टाकू का?

प्रश्न : चुलतभावाशी बांधावरून जुना वाद आहे. त्याने बांध कोरला म्हणून वडलांनी मोजणीचा अर्ज टाकला आणि लगेच त्याने पोलिसात तक्रार दिली, की मी आणि वडलांनी त्याला काठीने मारलं. मी त्या दिवशी पुण्यात कंपनीत सेकंड शिफ्टला होतो. वडील ६४ वर्षांचे आहेत. स्टेशनवरून नुसता 'येऊन जा' म्हणून फोन येतो, लेखी काहीच नाही. गावात सगळे म्हणतात उलटी केस टाक, मानहानीचा दावा ठोक. काय करू?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : उलटी केस नंतर बघू, आधी कंपनीच्या गेटचं सीसीटीव्ही फुटेज वाचवा. ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि मग कितीही मोठा वकील लावला तरी परत येत नाही. आजच एचआरला ईमेल टाका, तारीख-वेळ लिहून, की हे फुटेज आणि माझं पंचिंग रेकॉर्ड जपून ठेवा. त्या दिवशी पुण्यात चहाचे वीस रुपये जरी यूपीआयने दिले असतील तरी ते स्टेटमेंट काढा. पुढे कोर्टात हे द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) सर्टिफिकेट लागतं, ते वकील करून घेतील. आणि मोजणीच्या अर्जाची पोच सांभाळा, तक्रार अर्जानंतर आली हे त्यातूनच दिसतं.

मग ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झालीय की एफआयआर (दखलपात्र गुन्ह्याची) ते बघा. एफआयआर बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर दिसतो. नुसती एनसी असेल तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत आणि अटकही, फार तर दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस (शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) होऊन बाँड लिहून द्यावा लागेल. एफआयआर असेल तर कलमं वकिलाला दाखवा. बिनजामिनी कलम असेल तर साताऱ्याच्या सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन (आता बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा, कलम ४८२; जुनं सीआरपीसी ४३८). तसंही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ लाच सांगितलंय, आधी नोटीस द्यायची. वडलांचं वय साठच्या पुढे आहे, त्यामुळे तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचं कलम असेल तर त्यांना अटक करायला डीवायएसपींची परवानगी लागते, आणि हे ठाण्यात सांगायला लाजू नका. फोनवर नम्रपणे म्हणा, साहेब लेखी नोटीस द्या, येतो. नोटीस आली की मात्र जायचंच, टाळलीत तर तेच अटकेचं कारण होतं.

एफआयआर रद्द करायला हायकोर्टात जाता येतं (बीएनएसएस ५२८), सातारकरांना आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. पण 'मी तिथे नव्हतोच' हा मुद्दा हायकोर्ट सहसा तिथे तपासत नाही, तो पुराव्याचा विषय म्हणून खालच्या कोर्टावर सोडतात. त्यामुळे माझ्या मते पैसे तिकडे घालवण्याआधी तुमचे कागद अर्जासोबत तपास अधिकाऱ्याला द्या, एक प्रत एसपी ऑफिसला, दोन्हीवर पोच घ्या. तपासात तक्रार मुद्दाम खोटी निघाली तर पोलीस कोर्टात बी समरी पाठवतात. चुलतभावाला कोर्ट नोटीस काढतं, तो विरोध करू शकतो, म्हणजे तिथेही वेळ जातोच.

आता गावकऱ्यांची उलटी केस. खोटी माहिती दिल्याबद्दल बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम २१७ आणि खोटा गुन्हा दाखल केल्याबद्दल २४८ आहे, पण २१७ साठी लेखी तक्रार पोलीस अधिकाऱ्यानेच कोर्टात करावी लागते, तुम्ही थेट करू शकत नाही. आणि तुम्ही संशयाचा फायदा मिळून सुटलात तर तेवढ्याने समोरचा खोटा ठरत नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा केस तुमच्या बाजूने संपल्यावर करायचा, मुदत फक्त एक वर्ष, लोक तिथेच चुकतात. मानहानीच्या दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदत मात्र बदनामी झाल्यापासून मोजतात, म्हणून त्याबद्दल वकिलाला आधीच विचारा.

आणि वडलांना सांगा, मोजणीच्या दिवशी एकट्याने बांधावर जाऊ नका.