प्रवास-पंचायत : डरबनला उतरलात की गल्लीत शिरा

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं : दक्षिण आफ्रिकेला जाणार असाल तर डरबनला निदान तीन रात्री द्या. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत, आणि निम्म्यांचा सूर ‘कशाला?’ असा आहे. टूर मॅनेजर म्हणून नोकरी करत होते तेव्हा हा प्रश्न मला विमानात, बसमध्ये, अगदी हॉटेलच्या लिफ्टमध्येही विचारला जायचा, त्यामुळे राग नाही. निवडक पत्रांना उत्तरं देते.

आम्ही दोघं निवृत्त. मुलगा जोहान्सबर्गला असतो, जूनमध्ये त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, डरबनमध्ये समुद्राखेरीज काही नाही. समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? — एक वाचक, पाचपाखाडी

मुलाला माझा नमस्कार सांगा, आणि तो डरबनला कधी हॉटेल सोडून बाहेर पडला होता का तेही विचारा.

समुद्र आहेच आणि चांगला आहे. पण तुमच्यासारख्यांनी तिथे जायचं ते शहराच्या जुन्या भागासाठी. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ नावाचं जहाज मद्रासहून डरबनला लागलं. त्यात ३४२ माणसं होती, करारावर उसाच्या मळ्यांत राबायला आणलेली. १९११ पर्यंत अशी दीड लाखाहून जास्त माणसं गेली. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि बिहारकडची. मागोमाग स्वतःच्या खर्चानं गुजराती व्यापारी गेले. या सगळ्यांनी मिळून जे उभं केलं, ते ग्रे स्ट्रीटच्या परिसरात बघायला मिळतं. रस्त्याचं आजचं अधिकृत नाव डॉ. युसूफ दादू स्ट्रीट, पण टॅक्सीवाल्याला ग्रे स्ट्रीट म्हटलं की पुरतं.

तिथे जुमा मशीद आहे, दक्षिण गोलार्धातल्या मोठ्या मशिदींपैकी एक. डोकं झाकून, चपला काढून आत जाता येतं, फक्त शुक्रवारी दुपारची वेळ टाळा. जवळच कॅथलिकांचं इमॅन्युएल कॅथीड्रल. या दोघांच्या मधून मदरसा आर्केड नावाची छपराची गल्ली जाते. बादल्या, मणी, कापड, बेल्ट, घड्याळं, सगळं एकात एक अडकवून टांगलेलं. जांभळी नाक्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला इथे फार काही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या गटातल्या बायका या गल्लीत शिरल्या की मी पुढच्या कार्यक्रमाची वेळ मनातल्या मनात अर्ध्या तासानं पुढे ढकलायचे.

तिथून थोडं पुढे व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट. जुना बाजार १९७३ मध्ये जळाला, आताची इमारत नंतरची आहे. मसाल्यांचे ढीग लावलेले असतात आणि एका जहाल लाल मिश्रणाच्या पाटीवर ‘मदर-इन-लॉ एक्स्टर्मिनेटर’ लिहिलेलं असतं. म्हणजे सासूचा नायनाट. एका ढिगामागच्या आजींना मी हिंदीत भाव विचारला, तेव्हा त्यांनी हसून इंग्रजीत उत्तर दिलं आणि वर विचारलं, “तुमच्याकडे अजून घरी मसाला कुटतात का?” चार पिढ्यांत भाषा गेली, मसाला राहिला. मी थोडी ओशाळून पाव किलो घेतला.

हा सगळा भाग सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळात, स्थानिक गाइड घेऊन पायी करा. वॉर्विक जंक्शनचे बाजारही त्याच फेरीत होतात. न वापरलेल्या उड्डाणपुलावर तिथे झुलू वैद्यांचा मुळ्या-सालींचा बाजार भरतो. फोटो काढण्याआधी विचारा, बरेच जण नको म्हणतात. आणि डर्बी स्ट्रीटवरचं ‘१८६० हेरिटेज सेंटर’ चुकवू नका. लहानसं आहे, पण गिरमिटियांचे, म्हणजे करारावर आलेल्या त्या मजुरांचे, फोटो आणि कागद बघितल्याशिवाय बाकीचं शहर नीट कळत नाही.

जून निवडलात हे उत्तम. इकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो : दिवसा तेवीस अंशांच्या आसपास, रात्री अकरा-बारा अंशांपर्यंत खाली. एका स्वेटरवर भागतं. फक्त जुलैचा पहिला शनिवार टाळा. त्या दिवशी ग्रेव्हिलला ‘डरबन जुलै’ ही घोड्यांची शर्यत असते आणि हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात.

मुलं नऊ आणि सहा वर्षांची आहेत. त्यांना बाजार आणि इतिहासात रस नाही. शार्कची भीती वाटते ती वेगळीच. — एक आई, खारघर

मग मुलांना उशाका मरीन वर्ल्डमध्ये सोडा. एक अख्खा दिवस जातो. मत्स्यालय बुडालेल्या जहाजासारखं बांधलंय. गंजलेल्या पत्र्यांच्या कॉरिडॉरमधून जाताना दोन्ही बाजूंना शार्क आणि रे मासे फिरत असतात. शेजारी पाण्याच्या घसरगुंड्या. शनिवार-रविवार नको, स्थानिक गर्दी फार असते.

समुद्राचं म्हणाल, तर डरबनच्या किनाऱ्यावर १९५२ पासून शार्कसाठी जाळी लावली जातात. ही जाळी सांभाळणाऱ्या शार्क बोर्डाचं कार्यालय डरबनच्या उत्तरेला उम्हलांगाला आहे. या जाळ्यांत कासवं आणि डॉल्फिनही अडकतात, म्हणून पर्यावरणवाल्यांचा त्यांना विरोध आहे आणि तो चुकीचा नाही. तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन झेंड्यांच्या मधेच पोहा, जीवरक्षकाची शिट्टी ऐका. मुलांना शार्कपेक्षा लाटांचा धोका जास्त. एप्रिल २०२२ च्या पुरात शहराचं सांडपाण्याचं तंत्र कोलमडलं, आणि त्यानंतर काही किनारे पाण्याच्या गुणवत्तेमुळे अधूनमधून बंद ठेवावे लागले. म्हणून आज कुठला किनारा खुला आहे, हे हॉटेलात विचारूनच निघा. अगुल्हास या उष्ण सागरी प्रवाहामुळे पाणी हिवाळ्यातही कोमट असतं. केप टाऊनला अटलांटिकच्या बाजूला पाय घातलात तर फरक लगेच कळेल.

सकाळी सायकली भाड्यानं घ्या. उमगेनी नदीच्या मुखापासून उशाकापर्यंत किनाऱ्यालगत रुंद, सपाट रस्ता आहे, गाड्यांचा त्रास नाही. मुलं मण्यांचे शिरपेच घातलेल्या झुलू रिक्षावाल्यांवर खूश होतील. हातरिक्षा तिथे १८९२ मध्ये आल्या. बसायच्या आधी भाडं ठरवा आणि फोटोचे पैसे त्यात धरलेत का तेही विचारा.

आणखी एक : मुलांचे आई-वडिलांची नावं असलेले जन्मदाखले सोबत ठेवा. एकटीच नेत असाल तर त्यांच्या वडिलांचं संमतिपत्रही. यात कंटाळा करू नका.

आम्ही कट्टर शाकाहारी. आठ दिवस थेपल्यांवर काढायचे का? — एक कुटुंब, वाशी

अजिबात नको. डरबनचं सगळ्यांत प्रसिद्ध खाणं बनी चाऊ, आणि त्याचा शाकाहारी अवतार मांसाहारी इतकाच जुना. पांढऱ्या पावाची चौकोनी लादी घेतात, आतला मऊ भाग कोरून काढतात आणि त्या पोकळीत झणझणीत रस्सा भरतात. काढलेला पाव वर झाकणासारखा ठेवतात. तुम्ही मागायचं ‘क्वार्टर बीन्स’, म्हणजे चतुर्थांश लादी आणि त्यात राजम्याच्या जातीच्या बियांची उसळ. काटे-चमचे विसरा, वरचा पाव बुडवून खात खात खाली यायचं. खालचा तुकडा मुरलेला असतो, तो शेवटी. मामलेदारची मिसळ पचवणाऱ्याला तिखटाची भीती नाही, मात्र ‘हाफ’ मागू नका, एकट्याला संपत नाही.

लादी कोरायची सुरी मटणाच्या बनीलाही तीच असू शकते. तुम्हाला ते चालणार नसेल तर चॅट्सवर्थ या उपनगरातल्या इस्कॉन मंदिरातलं उपाहारगृह बघा. मंदिरही बघण्यासारखं आहे. जैन असाल तर कांदा-लसणाचं आधी विचारा, डरबनी रश्शात दोन्ही सढळ असतात.

कॉन्फरन्ससाठी एकटी जातेय. सगळे घाबरवतात. खरंच इतकं वाईट आहे का? — एक वाचक, कळवा

घाबरवणारे पूर्ण खोटं बोलत नाहीत. हिसकाहिसकी होते. फोन हातात घेऊन रस्त्यानं चालू नका, नकाशा बघायचा तर दुकानात शिरून बघा. अंधार पडल्यावर शहराच्या मध्यभागात पायी फिरणं बंद, किनाऱ्यावरही. अॅपवरची टॅक्सी हॉटेलच्या आतून बोलवा आणि नंबर जुळवून बसा. गळ्यातली चेन कळव्याला ठेवून जा. राहायला उम्हलांगा निवांत आहे : लाल-पांढरं दीपगृह, चालायला छान किनारा, खाण्याची ठिकाणं हाकेच्या अंतरावर. कॉन्फरन्स शहरात असेल तर रोजचं जाणं-येणं मात्र धरून चाला.

एवढं पाळलं की बाकी तुम्ही लोकलमध्ये सेकंड क्लासनं प्रवास करणाऱ्या आहात, तुम्हाला मी काय सांगू.

मी शाळेत इतिहास शिकवतो. गांधीजींशी संबंधित कोणत्या जागा खरोखर बघण्यासारख्या आहेत? — एक शिक्षक, कोपरी

या पत्रानं मी खूश झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

बंदरापासून सुरुवात करा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग होता. त्या डिसेंबरात मुंबईहून आलेली ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजं डरबनबाहेर तीन आठवड्यांहून जास्त काळ अडवून ठेवली गेली. कारण प्लेगचं सांगितलं, पण खरं कारण होतं गोऱ्यांचा हिंदी लोकांना असलेला विरोध. पहिल्या जहाजावर गांधीजी, कस्तुरबा आणि मुलं होती. १३ जानेवारी १८९७ ला गांधीजी उतरले आणि जमावानं त्यांना गाठलं. दगड, अंडी, लाथा. पोलीस अधीक्षकांची पत्नी मिसेस अलेक्झांडर वाटेनं येत होती. तिनं छत्री उघडून स्वतःला त्यांच्या आणि जमावाच्या मध्ये घातलं. त्या रात्री ते कॉन्स्टेबलच्या वेशात निसटले. बंदराकडच्या जुन्या पॉइंट रोडचं नाव आता महात्मा गांधी रोड आहे. तिथे वेगळं बघायला काही नाही, पण हा प्रसंग वर्गात सांगायचा असेल तर तो रस्ता एकदा पायाखाली घाला.

मग शहराबाहेरचं इनांडा. गांधीजींनी वसवलेली फिनिक्स वसाहत इथे आहे, १९०४ ची, शंभर एकरांवर. त्यांचं ‘इंडियन ओपिनियन’ हे वृत्तपत्र इथून छापलं जायचं. १९८५ च्या दंगलीत त्यांचं ‘सर्वोदय’ नावाचं घर जळालं, आज दिसतं ते पुन्हा बांधलेलं आहे. मूळ वास्तू समजून डोळे पाणावू देऊ नका. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते, ते फिनिक्सलाही आले. करार संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर हा त्या दौऱ्याचा कळीचा विषय. १९१३ चा हिंदी मजुरांचा मोठा संप झाला आणि १९१४ मध्ये तो कर गेला. गोखल्यांचा हा दौरा आपल्या मुलांना परीक्षेपुरताही माहीत नसतो, तुम्ही सांगा.

तिथून जवळच ओहलांगे. जॉन दुबे यांनी झुलू मुलांसाठी काढलेली शाळा. हेच दुबे १९१२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९४ ला नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत टाकलं आणि शेजारच्या दुब्यांच्या समाधीवर जाऊन देश मुक्त झाल्याचं त्यांना सांगितलं. गांधींची वसाहत आणि दुब्यांची शाळा इतकी शेजारी, हे नकाशावर पाहिलं तरी माणूस चाट पडतो. गांधीजी तेव्हा आफ्रिकनांविषयी काय लिहीत होते यावर तिथे परखड बोललं जातं. गाइडनं विषय काढला तर वाद घालू नका, ऐका.

एक दिवस पीटरमारित्झबर्गसाठी, ८० किलोमीटर. ७ जून १८९३ ला पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हे स्टेशन. शहरात त्यांचा पुतळा आहे. तसंच पुढे हॉविकला जा. ५ ऑगस्ट १९६२ ला मंडेलांना पकडलं त्या जागी पोलादाचे ५० खांब उभे केलेत. जवळून नुसते वेडेवाकडे लोखंड, पण ठरावीक अंतरावर उभं राहिलं की त्यातून मंडेलांचा चेहरा जुळून येतो. हॉविकचा ९५ मीटरचा धबधबा त्याच वाटेवर आहे. इनांडाला मात्र स्वतः गाडी चालवत जाऊ नका, गाइडसोबतच.

मुलाला फक्त क्रिकेट कळतं. — एक बाबा, घणसोली

किंग्जमीड. १९ सप्टेंबर २००७, युवराज, ब्रॉड, सहा षटकार. बाहेरून फोटो काढा, विचारलंत तर आतही सोडतात. मोझेस माबिडा स्टेडियमही जवळच आहे, १०६ मीटर उंच कमानीचं. कमानीवर पायऱ्यांनी चढवून नेतात, वेळा आधी विचारा.

ऐरोलीच्या खाडीवर पक्षी बघत असतो. तिथे तसं काही? जमल्यास एका दिवसात सफारीही करायची आहे. — एक वाचक, ऐरोली

उमगेनीच्या मुखाशी बीचवुडची खारफुटी आहे. ओहोटीच्या वेळी जा. बोटॅनिक गार्डनही बघा, १८४९ ची. तिथे एन्सेफॅलार्टस वुडी नावाचं सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं झाड, आहे. १८९५ मध्ये न्गोये जंगलात त्याचं एकच नर झाड सापडलं. मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. जगात जिथे जिथे ते आहे, ते सगळे त्याच एका झाडाचे फुटवे. बागेला पैसे लागत नाहीत.

सफारीचं मात्र एका दिवसात नाही म्हणजे नाही. ह्लुह्लुवे-इमफोलोझी अभयारण्य १८९५ चं, पांढरा गेंडा वाचवला तो इथल्या माणसांनी. पण जायला तीन तास, यायला तीन तास, आणि गेंडे दिसतात पहाटे किंवा संध्याकाळी. दुपारी बारा वाजता पोचून झुडपं बघून परतलेले गट मी पाहिलेत. आत एक रात्र राहा. मलेरियाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जाता जाता, चार पत्रांतल्या एकाच प्रश्नाचं उत्तर : प्लग तिथला मोठ्या तीन पिनांचा, आपल्या गीझरच्या पंधरा अँपिअरवाल्यासारखा. लोहार आळीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून अॅडॉप्टर इथूनच घेऊन जा, विमानतळावर तिप्पट पडतो.