थांबले, तर कायमचं सुटेल का?

"मॅडम, मी थोडे दिवस चित्र काढणं बंद केलं, तर ते कायमचं सुटेल का?"

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांत येतो. कुणाला धावणं थांबवायचं असतं, कुणाला गाणं, कुणाला लिहिणं. विचारणारा माणूस बहुतेक वेळा थकलेला असतो. शिवाय तो मनातून शरमलेलाही असतो, जणू आपल्याच माणसाची चुगली करायला आलाय. वर विचारलेला प्रश्न ज्या बाईंचा, त्यांची गोष्ट आज त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३६. कामाच्या ठिकाणी एका टीमची जबाबदारी, घरी शाळेत जाणारी मुलगी, आणि लहानपणापासून जलरंगांचं वेड. पहिल्या भेटीत ती माझ्याशी बोलताना फोन उपडा ठेवायची, मिनिटभराने कडेने उचलून बघायची, पुन्हा उपडा ठेवायची. हे आपण करतोय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं," ती म्हणाली. "ब्रश हातात घेतला की कंटाळा येतो. नाही घेतला की दिवसभर चुकल्यासारखं वाटतं."

मी तिला विचारलं, "शेवटचं चित्र कधी काढलंत? ती संध्याकाळ मला सांगा. सावकाश, पहिल्यापासून."

तिने उत्तराऐवजी पिशवीतून एक कागद काढला. जाड, जलरंगांसाठीचा, चारही कडांना टेपची पांढरी चौकट. वरच्या अर्ध्या भागात आकाशाचा निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, होता आणि त्याच्या मधोमध एक आडवी कडक रेघ. रेघेच्या खाली कातरलेल्या कडेचा मोठा डाग पसरला होता.

त्या संध्याकाळी टेबलावर लॅपटॉप उघडा होता, मीटिंग चालू, स्वतःचा आवाज बंद. फोन स्टँडला लावलेला, कारण चित्र काढतानाचा व्हिडिओ हवा होता. मुलगी शेजारी बसून मधूनमधून गणितं विचारत होती. आणि ही वॉश घालत होती. ज्यांनी जलरंग हाताळलेत त्यांना ठाऊक असेल, वॉशला मध्येच थांबता येत नाही. फळी किंचित तिरकी ठेवायची, रंगाच्या खालच्या कडेला ओलाव्याचा थेंब जमतो, तो ब्रशने खाली खाली ओढत न्यायचा. नेमकं तेव्हा मीटिंगमध्ये कुणीतरी तिचं नाव घेतलं. तिने आवाज चालू केला, दोन मिनिटं उत्तर दिलं आणि परत आली. तोवर कड वाळली होती. घाईघाईने भरलेला ब्रश टेकवला, तर जास्तीचं पाणी अर्धवट ओल्या रंगात घुसलं आणि हा डाग उमटला.

"उत्तरही धड दिलं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारलं मला. आणि मुलीचं गणित चुकलेलंच राहिलं."

एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण आपण दुसऱ्याला टोचायला वापरतो, पण त्या कागदाकडे बघून मला ती फार करुण वाटली. ही बाई आळशी नव्हती, बेफिकीर तर मुळीच नव्हती. उलट कुणालाच 'नाही' म्हणायचं नाही, आवडीलासुद्धा नाही, म्हणून तिने सगळं एकाच तासात कोंबलं होतं.

मल्टिटास्किंग हा शब्द मुळात माणसांसाठी नव्हताच. तो १९६०च्या दशकात संगणकांच्या जगातून आला. गंमत म्हणजे त्या यंत्रांतला प्रोसेसरही एका क्षणी एकच काम करायचा. तो कामं इतक्या वेगाने आलटूनपालटून करायचा की बघणाऱ्याला ती एकदम चालल्यासारखी वाटायची. पण यंत्राची एक सोय आपल्याकडे नाही. एक काम बाजूला ठेवताना ते नेमकं कुठे थांबलं याची नोंद संगणक जशीच्या तशी जपतो. आपली नोंद पुसट होते आणि शिवाय पुढच्या कामावर सांडते.

मानसशास्त्रज्ञ रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ साली हे साध्या प्रयोगांनी दाखवलं. पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा. कधी अक्षर स्वर की व्यंजन हे सांगायचं, कधी आकडा सम की विषम. काम कधी बदलणार हे आधीपासून माहीत असूनही, तयारीला वेळ देऊनही, बदलानंतरचं पहिलं उत्तर उशिराच यायचं. हे तर दोन क्षुल्लक कामांचं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली कार्यालयीन कामांबाबत मांडलं की आधीचं काम अर्धवट सोडून उठलं की लक्षाचा काही भाग तिथेच रेंगाळतो. मी त्याला मागच्या कामाचा गाळ म्हणते. चालताना गाणं ऐकायला हरकत नाही, कारण पायांना विचार लागत नाही. पण वॉश आणि मीटिंग, दोन्ही एकाच डोक्याकडे पूर्ण हजेरी मागतात.

हे सगळं मी तिला समजावून सांगितलं आणि नेहमीचा उपाय दिला. आठवड्यातून तीन वेळा एक तास फक्त चित्राचा. फोन दुसऱ्या खोलीत, लॅपटॉप बंद, घरच्यांना आधी सांगून ठेवायचं. उपाय चांगलाच आहे, अनेकांना लागू पडतो. मला वाटलं, काम झालं.

दोन आठवड्यांनी ती आली ती जास्त खचून.

"आधी निदान म्हणता यायचं की वेळ मिळत नाही. आता वेळ मिळतो, आणि मी कोऱ्या कागदाकडे बघत बसते. आतून काही येतच नाही. म्हणजे वेळेचा प्रश्न नव्हताच ना?"

माझं निदान अपुरं पडलं होतं. मी गर्दी हटवली, पण गर्दीत चित्र नेमकं काय म्हणून उभं होतं, ते विचारलंच नव्हतं.

तेव्हा आधी एक गोष्ट तपासली, आणि ती कुणीही तपासावी अशी आहे. मन उदास राहणं किंवा सगळ्याच गोष्टींतला रस जाणं, सोबत झोप-भूक बिघडणं, असं दोन आठवड्यांहून जास्त, दिवसातला बराच वेळ चालू असेल, तर तो छंदाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. तिची झोप ठीक होती, मुलीबरोबर खळखळून हसत होती, फिरायला जाणं आवडत होतं. फक्त रंगच नकोसे झाले होते.

मग मागे गेलो. तीन वर्षांपूर्वी तिने चित्रं ऑनलाइन टाकायला सुरुवात केली होती. लोकांना आवडली. रोज एक टाकायचं असं ठरलं. मग कुणीतरी आपल्या कुत्र्याचं चित्र काढून मागितलं आणि हळूहळू ऑर्डरी सुरू झाल्या. आता दोन ऑर्डरी थकल्या होत्या आणि त्या माणसांचा नंबर दिसला की हिच्या पोटात गोळा यायचा. "आकाश काढायला बसले की मनात येतं, हे टाकायला चांगलं दिसेल का," ती म्हणाली. हे वाक्य बोलून ती स्वतःच गप्प झाली.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायला आवडणाऱ्या चिमुकल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड टिकली. बक्षीस वाईट नाही. आपण त्यासाठीच हे करतो असं मनाने धरलं, की मूळची गोडी पातळ होते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ साली वेडाचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात माणूस छंद मनापासून करतो आणि मनात आलं तर बाजूलाही ठेवू शकतो. दुसऱ्यात छंद माणसाला पकडून ठेवतो, आणि न केल्यास अपराधी वाटतं. हिचं पहिलं वेड कधी दुसऱ्यात बदललं, तिला कळलंच नाही.

"म्हणजे मी ब्रेक घ्यायला हवा," ती म्हणाली. आणि लगेच, "पण मॅडम, आठ महिन्यांत चारच चित्रं झालीत. एवढा ब्रेक तर झालाच की."

इथे मी जरा आवाज चढवूनच म्हटलं, की तो ब्रेक नव्हता. तुम्ही आठ महिने काम न करता कामावर हजर होतात. रोज रात्री 'आजही काढलं नाही' अशी स्वतःची झडती घेतलीत. त्याने हात थांबला, मन कुठे थांबलं? मला वाटतं, आवडीतून सुट्टी घेणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. सुट्टी जाहीर होतच नाही, म्हणून ती लागूही होत नाही.

आम्ही आठ आठवडे ठरवले. सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख तिने स्वतःच्या हाताने लिहिली. थकलेल्या दोन ऑर्डरींपैकी एकीला स्पष्ट नकार कळवायचा, दुसरीला सुट्टीनंतरची तारीख द्यायची. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांचं २०११चं संशोधन मला इथे नेहमी उपयोगी पडतं. अपुरं काम डोक्यात खुपत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तर काम न होताही मन बरंच शांत होतं. ब्रश, ट्यूबा, पॅलेट एका खोक्यात. सर्वांत अवघड अट ही की चित्रकलेचे व्हिडिओ बघायचे नाहीत, संदर्भासाठी फोटो साठवायचे नाहीत, जुनी चित्रंही टाकायची नाहीत. ज्यांचं पोट त्याच कलेवर आहे त्यांना असं दार लावून घेता येणार नाही, त्यांना कामाबाहेरचा एखादा कोपरा मोकळा करावा लागतो. हिची नोकरी वेगळी होती, म्हणून हे जमण्यासारखं होतं.

तारखेवर सही करताना तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. हात गेला तर?

मी तिला खोटा दिलासा दिला नाही. हात थोडा जड होणारच, पहिले काही कागद वाया जातील. पण शिकलेलं कोरं होत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विसरल्यासारखी वाटणारी निरर्थक अक्षरंही पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं त्यांना आढळलं. पंचवीस वर्षांच्या सरावाचं तर बोलायलाच नको.

दुसऱ्याच आठवड्यात तिचा मेसेज आला, की वेळ मोकळा होता म्हणून एका भाषेचा ऑनलाइन वर्ग लावला आणि सोबत विणकामही सुरू केलंय. मी विचारलं, एवढी घाई कशाची? ती चिडली. पुढच्या भेटीत रडली. रिकामं बसलं की आपण कुणीच नाही असं वाटतं, म्हणाली. चित्र काढणारी, टीम सांभाळणारी, आई, आणि या सगळ्यांच्या मधे कुणी नाही. त्या भेटीत आम्ही चित्रांबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या मते खरं काम त्या तासात झालं. विणकाम सुटलं. वर्ग राहिला, पण तेवढ्या वेळात दुसरं काही करायचं नाही या बोलीवर.

पाचव्या आठवड्यात तिने सांगितलं की पावसाने भिजलेल्या एका भिंतीकडे ती बराच वेळ बघत उभी राहिली. "फोटो काढला नाही. हा रंग कशात काय मिसळून येईल, तेही मनात आलं नाही. नुसती बघत होते." मी वहीत एवढंच लिहून घेतलं.

आठ आठवडे संपले त्या दिवशी तिने खोकं उघडलं नाही. मनातून मीही जरा धास्तावले. तिने आणखी दोन आठवडे मागितले आणि तेही कागदावर लिहिले, तेव्हा मला हायसं वाटलं, कारण आता ती टाळत नव्हती, ठरवत होती.

शेवटच्या भेटीला आली तेव्हा फोन पिशवीतच होता. खोकं उघडल्याचं तिने सांगितलं. पॅलेटमधला निळा खडखडीत वाळून तडकला होता. पाण्याचा एक थेंब टाकला, थोडी थांबली, ब्रश फिरवला आणि रंग सुटला. "जलरंगाचं असंच असतं, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तरी बघत राहिले." मग एक आकाश घातलं. हात जड वाटला, वॉश एका बाजूला ओघळला. मुलीला सांगून ठेवलं होतं, ती मध्ये आली नाही.

"दाखवा की," मी हात पुढे केला.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "आणलं नाही."