वाचकांचे प्रश्न : मोबाइलच्या नेटवर गाडीचा नकाशा अपडेट करताना

प्रश्न : भाजीचा पिकअप घेऊन नेहमी गोव्याला जावं लागतं. ऑसमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये कर्नाटकाचा नकाशा उतरवलाय, अपडेटही केलाय. तरी चोर्ला घाटात पुढचा रस्ताच दिसत नाही. सिम बदलू का? (एक वाचक, जांबोटी)

सिम बदलून उपयोग नाही. गाडी कुठे आहे हे फोनला उपग्रहांकडून कळतं, त्याला नेट लागत नाही. अडचण नकाशाच्या हद्दीची आहे. ऑसमअँडमध्ये भारताचे नकाशे राज्यवार तुकड्यांत मिळतात. कर्नाटकाची फाइल कितीही ताजी असली तरी कणकुंबीच्या पुढे गोवा लागला की ती संपते.

आपल्या बेळगाव भागात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही फायली फोनमध्ये हव्यातच. आंबोलीकडे निघालात तर शिनोळीलाच महाराष्ट्र लागतो. कोल्हापूरकडे गेलात तर कोगनोळी ओलांडली की कागल. मधल्या राज्याची फाइल नसेल तर ॲपला सलग मार्ग जोडता येत नाही. शिवाय तिन्ही फायली एकाच वेळी अपडेट करा, म्हणजे सीमेच्या अलीकडचा रस्ता नवा आणि पलीकडचा जुना असं होणार नाही.

गूगल मॅप्समध्ये राज्याची अट नाही. आपल्या फोटोवर टिचकी द्या, ‘ऑफलाइन नकाशे’ उघडा आणि स्वतःचा नकाशा निवडायचा पर्याय घ्या. चौकट ताणून कोल्हापूर, पणजी आणि धारवाड तिन्ही आत आणा. किती एमबी लागतील ते खाली दिसतं. मात्र हे नकाशे ठरावीक मुदतीनंतर बाद होतात आणि आपोआप होणारं अपडेट मुळात वाय-फायवरच चालतं. घरी वाय-फाय नसेल तर ते कधी होतच नाही आणि नकाशा बाद झाल्याचं नेमकं घाटात कळतं. म्हणून ऑफलाइन नकाशांच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय किंवा मोबाइल नेटवर्क’ निवडा. नेट नसताना या नकाशावर गाडीचा मार्ग मिळतो, पण वाहतुकीची कोंडी दिसत नाही आणि पायी जायचा मार्गही मिळत नाही.

प्रश्न : निपाणीत डाउनलोड नीट चालतं, कागलच्या बाजूला गेलं की मध्येच थांबतं. पॅक संपलेला नसतो. (एक वाचक, निपाणी)

सीमेपलीकडचा टॉवर महाराष्ट्र सर्कलचा (मोबाइल कंपन्यांच्या विभागाचा), तुमचं सिम कर्नाटकाचं. काही फोन याला रोमिंग समजतात आणि सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर कॉल चालू राहून फक्त नेट तुटतं. ते चालू करा. मोठं डाउनलोड मात्र गाडी उभी असतानाच करावं. धावत्या गाडीत टॉवर बदलत राहतो आणि तुटलेली फाइल काही उपकरणं पुन्हा पहिल्यापासून उतरवू लागतात. तेवढा डेटा फुकट जातो.

प्रश्न : वडापच्या (प्रवासी वाहतुकीच्या) गाडीत काचेला लावायचा गार्मिन कंपनीचा रस्ता दाखवणारा संच आहे. घरी ब्रॉडबँड नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर नकाशा अपडेट होईल का? (एक वाचक, खानापूर)

होईल, पण आधी हिशेब करा. असा नकाशा बहुधा काही जीबींचा असतो. समजा ४ जीबी आहे. १० एमबीपीएस वेग सलग मिळाला तर सुमारे ५५ मिनिटं लागतात. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये तो बसत नाही. कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आला, तर एकेका जीबीला जवळपास दीड दिवस लागेल. म्हणून त्या दिवशी वेगळा डेटा व्हाउचर टाकून घ्या.

संचातच वाय-फाय असेल तर तो थेट हॉटस्पॉटला जोडता येतो. हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल तर बँड (वाय-फायची वारंवारता) तपासा. बरेच संच फक्त २.४ गीगाहर्ट्‌झ ओळखतात आणि नवे फोन ५ गीगाहर्ट्‌झवर हॉटस्पॉट देतात. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलता येतो, आयफोन १२ पासून पुढे ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं. फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेवा, हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायची सोयही बंद करा. संच चार्जरला लावूनच ठेवा.

वाय-फाय नसलेल्या संचाला लॅपटॉप आणि गार्मिन एक्सप्रेस हा प्रोग्रॅम लागतो. इथे आम्ही यूएसबी टेदरिंग सुचवू : फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, म्हणजे जोडणी टिकते आणि फोन चार्जही होत राहतो. विंडोजमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाची) म्हणून नोंदवायला विसरू नका, नाहीतर विंडोजचं स्वतःचं अपडेट तुमचा डेटा आधी गिळून टाकतं.

गार्मिन एक्सप्रेस हा प्रोग्रॅम नकाशाची फाइल आधी लॅपटॉपवर उतरवतो, मग संचात भरतो. त्यामुळे जागा दोन्हीकडे लागते. संचाची मेमरी पुरत नसेल तर रिकामं मायक्रोएसडी कार्ड एफएटी३२ फॉरमॅट करून घाला आणि नंतर ते संचातच राहू द्या, कारण नकाशाचा भाग त्यावर असतो. भरणं चालू असताना केबल काढू नका. अर्धवट भरलेल्या नकाशाने संच चालू होतो, पण रस्ते कोरे दिसतात. इंटरनेट लागतं ते डाउनलोडपुरतं. भरण्याच्या वेळी लाइट गेली तरी अडू नये म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण असू द्या.

नवा नकाशा बसला की नाही हे पुणे-बेंगळुरू महामार्गावर ओळखता येतं. तिथे एनएच ४ दिसलं तर नकाशा जुना, ४८ हवं. खानापूर-लोंढ्यावरून गोव्याला जाणारा जुना ४ ए आता ७४८ आहे. ‘बेळगावी’ शोधून सापडलं नाही तर जुन्या ‘बेळगाम’ स्पेलिंगने शोधा. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीच्या नकाशात जुनंच आहे.

प्रश्न : कारमधल्या नकाशाचं एसडी कार्ड मित्राच्या नव्या कार्डावरून कॉपी केलं. गाडी कार्ड वाचत नाही. (एक वाचक, चिकोडी)

बऱ्याच गाड्यांत कार्ड त्या युनिटशीच बांधलेलं असतं, कॉपी चालत नाही. मूळ कार्ड फॉरमॅट केलं नसेल तर तेच परत घाला. अपडेट कंपनीच्या प्रोग्रॅमने त्याच कार्डावर करा, त्याआधी सगळ्या फायलींची प्रत लॅपटॉपवर ठेवा. कार्ड काढताना-घालताना इग्निशन बंद असावं.

प्रश्न : नकाशा नवा टाकूनही जुन्या संचात तारीख १९–२० वर्षं मागची दिसते. (एक वाचक, बेळगाव)

जीपीएसचे आठवडे १०२४ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतात. शेवटचं असं ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडलं. जुन्या रिसीव्हरला ते उमगलं नाही तर तारीख सुमारे १९ वर्षं ७ महिने मागे पडते. नकाशाचा यात संबंध नाही, फर्मवेअर (संचाच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करावं लागतं. ते उत्पादकाकडे नसेल तरी गाडीची जागा बहुधा बरोबर दाखवली जाते, फक्त तारखेवर विसंबू नका.