अटींचं पान जागच्या जागी बदलू नका

नमस्कार. गुहागरच्या होमस्टेबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून पोटात गोळाच आला. जूनमध्ये परताव्याचा नियम बदललात आणि मार्चमध्ये बुकिंग केलेले पाहुणे म्हणतायत, ‘आम्ही जुन्या अटी मान्य केल्या होत्या.’ पानाखाली ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख टाकली तर भागेल का? नाही भागत. तारीख कळते, आधी काय लिहिलं होतं ते कळत नाही.

आमची देवगडकडे हापूसची बाग. फेब्रुवारीत साइटवर आगाऊ बुकिंग घेतलं तेव्हा अट होती: ठरल्या आठवड्यात पेटी आली नाही तर पूर्ण रक्कम परत. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, फळ गळलं. मी रात्री तेच पान उघडलं, ते वाक्य खोडून ‘पेटी पुढच्या तोडणीत मिळेल’ असं लिहिलं आणि सेव्ह केलं. तीच घोडचूक. ग्राहकाच्या नावापुढे नोंद फक्त ‘अटी मान्य: होय’. कशाला होय, ते कुठेच नाही.

मेमध्ये एका ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागितले. आमचं ऑनलाइन पेमेंट सांभाळणाऱ्या कंपनीने विचारलं, त्यांनी मान्य केलेला मजकूर दाखवा. मी त्या दिवशीच्या पानाचा फोटो पाठवला. ग्राहकाकडे फेब्रुवारीचा स्क्रीनशॉट होता. मी खोटा ठरलो. ग्राहकाचं बरोबरच होतं, त्यांच्यावर राग नाही. राग त्या कंपनीवर आहे. एका तक्रारीपायी तिने आमच्या बाकी सगळ्या ऑर्डरींचे पैसे अडकवले. ऐन तोडणीत गड्यांची मजुरी तुंबली, आणि प्रत्येक मेलला तेच छापील उत्तर. फोनवर माणूस म्हणून मिळालाच नाही.

तेव्हापासून अटींची प्रत्येक आवृत्ती वेगळी ठेवतो: क्रमांक, लागू झाल्याची तारीख, पूर्ण मजकूर. एकदा प्रसिद्ध झाली की तिला हात लावायचा नाही. शुद्धलेखन सुधारलं तरी नवा क्रमांक, फक्त त्यासाठी पुन्हा होकार मागत नाही. पैसे, परतावा किंवा माहितीचा वापर बदलला तर मागतोच. होकाराच्या नोंदीत आवृत्ती, वेळ आणि भाषा हवी, कारण मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक राहतो. वेळ सर्व्हरची, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकाची धरा. जुनं बुकिंग जुन्या अटींनीच पूर्ण करा, तोटा झाला तरी.

मी वकील नाही, तेव्हा करारातलं वकिलालाच विचारा. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 6 जरूर वाचा. संमतीवरून वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती रीतसर घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर टाकली आहे. संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर थांबू नका. आणि जाहिरातीचे मेसेज पाठवायची परवानगी बुकिंगच्या अटींत मिसळू नका. तिची चौकट वेगळी, आणि आधीच टिक केलेली नको.

फोनवरच्या बुकिंगचंही बघा. आमच्याकडे मुंबईचे चाकरमानी थेट आईला फोन करतात, ती वहीत लिहून घेते. आता ती फोन ठेवायच्या आधी अटींच्या चालू आवृत्तीची लिंक मेसेजने पाठवते आणि ‘मान्य’ असं उत्तर आल्यावरच वहीत नावापुढे आवृत्तीचा क्रमांक टाकते.