अठ्ठावन्न हजारांची जुनी पैठणी: मुदत ठेव मोडावी का?

स. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही नाशिकमध्ये शिक्षिका आहात, तीन महिन्यांनी पुतण्याचे लग्न आहे, आणि साठ-सत्तर वर्षांची म्हणून दाखवलेली एक नऊवारी पैठणी तुम्ही ऑनलाइन पाहिली आहे. विक्रेती ५८,००० रुपये मागते, सगळी रक्कम यूपीआयने आगाऊ हवी म्हणते आणि साडी परत घेतली जाणार नाही असेही सांगते. बचत खात्यात ३०,००० रुपये आहेत, दरमहा साधारण ५,००० शिल्लक पडतात, तेव्हा उरलेल्या रकमेसाठी एक लाखाची मुदत ठेव मोडावी का, असे तुम्ही विचारले आहे. जरीत पाव किलो चांदी आहे, म्हणजे ही गुंतवणूकच समजा, हे विक्रेतीचे म्हणणेही तुम्हाला पटलेले दिसते.

आधी चांदीचे बोलू. जुन्या अस्सल जरीत चांदीची चपटी केलेली तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो, त्यामुळे जरीचे वजन म्हणजे चांदीचे वजन नव्हे. शिवाय साडी जाळल्याखेरीज ती चांदी हाती येत नाही. जुन्या जरीच्या साड्या वजनावर विकत घेऊन जाळणारे लोक आपल्याकडे होतेच, आणि कित्येक घरांतल्या पैठण्या अशाच संपल्या. साडी म्हणून पुढे विकायची झाल्यास घेणारा व्यापारी रफूचा खर्च आणि स्वतःचा नफा वजा करूनच भाव सांगेल. तेव्हा हा हौसेचा खर्च आहे असेच धरून चाला. हौसेला माझी हरकत नाही, फक्त ती गुंतवणुकीच्या खात्यात मांडू नका.

मुदत ठेव मोडल्याने होणारे नुकसान फार मोठे नाही. बँका मुदतीआधी ठेव मोडल्यास व्याजदर सहसा अर्धा ते एक टक्का कमी करतात, म्हणजे तुमच्या बाबतीत हजार-दीड हजार रुपयांचा प्रश्न आहे. मात्र तुमच्या पत्रावरून अडीअडचणीसाठी वेगळा ठेवलेला पैसा एवढाच दिसतो, म्हणून त्याला हात लावू नये असे मला वाटते. हप्त्यांची सोयही घेऊ नका, कारण साडी निकृष्ट निघाली तरी हप्ते थांबत नाहीत.

खरी जोखीम साडीच्या अवस्थेत आहे. माझ्या आईची पैठणी आम्ही पंचवीस वर्षांनी ट्रंकेतून काढली तेव्हा वरच्या घडीचा रंग नव्यासारखा होता आणि जरही झळकत होती. दोघांनी धरून ती उलगडली मात्र, आणि घडीच्या रेषेवर रेशीम सरळ चिरत गेले, चर्र असा आवाजही न होता. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम तिथेच विरते, आणि वरून काढलेल्या छायाचित्रात हे कधीच दिसत नाही. तुम्हाला आलेल्या चारही छायाचित्रांत साडी घडी घातलेलीच आहे, ही गोष्ट मला सर्वांत खटकली.

म्हणून विक्रेतीकडे साडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उलगडल्याचे, शेजारी मोजपट्टी ठेवलेले चित्रीकरण मागा. नऊवारी साडी आठ मीटरच्या पुढे भरली पाहिजे. साडेपाच मीटर भरली तर तिची कोणीतरी सहावारी करून उरलेल्यात पोलकी शिवली असे समजा. दुसरे, दिवसा खिडकीवर साडी आडवी धरून उजेड आरपार येईल अशी छायाचित्रे मागा, कारण विरलेली जागा आणि बारीक भोके तशीच दिसतात. नेसण्याच्या खुणा ठरावीक जागी असतात: खांद्यावरच्या पदराला पिनांची भोके, कासोट्याच्या जागी ताण, आणि खालच्या काठाला जोडव्यांत अडकून ओढले गेलेले धागे. कमरेजवळचे पिवळट-तपकिरी डाग घामाचे असण्याचा संभव असतो, आणि तिथले रेशीम कमजोर असते. धुऊन डाग फिका झाला तरी बळ परत येत नाही. तुम्हाला ही पैठणी लग्नात नऊवारीच नेसायची आहे, तेव्हा कासोट्याची जागा पदराइतकीच बारकाईने पाहा. कुबट वास येतो का, हेही विचारून लेखी उत्तर घ्या.

काठ आणि पदर उलट बाजूनेही पाहायला मागा. हाताने विणलेल्या पारंपरिक पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. मागे सुटे, लोंबते धागे असतील तर ते विणकाम वेगळे आहे आणि भावही वेगळा असायला हवा. जरीची तार काळवंडलेली असेल तर घाबरू नका, चांदी हवेने काळी पडतेच. मुलामा झिजलेल्या ठिकाणी खाली पांढरट धातू दिसतो की तांबूस, एवढे जवळून काढलेल्या छायाचित्रात पाहा. तांबूस असेल तर चांदीचा सगळा युक्तिवाद तिथेच संपतो. जरीची तार लिंबाने किंवा पावडरीने घासून चकचकीत केली असल्यास मी भाव आणखी खाली आणीन.

परत न घेण्याच्या अटीविषयी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. परंतु नियमित व्यवसाय न करता घरातली एखादी वस्तू विकणाऱ्या खाजगी व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. ही बाई कोणत्या प्रकारात मोडते, ते विचारा. नियमित विक्री करत असेल तर पावती मागा आणि साडीचे वय, लांबी, जर व दोष तिच्यावर लिहून घ्या.

आता रकमेचे. साडी नेसण्याजोगी निघाली तर ठीक. अंग विरलेले पण काठ-पदर शाबूत असतील तर ते उतरवून नव्या रेशमावर चढवावे लागतील, त्यात आठ मीटर रेशीम आणि कसबी हाताची मजुरी आली. पदरच चिरलेला असेल तर ती परकर-पोलक्यापुरतीच उरते. हे तिन्ही शक्य असताना पहिल्याचाच भाव मोजणे मला पटत नाही. खात्यातले २५,००० आणि पुढच्या दोन महिन्यांची शिल्लक मिळून ३५,००० ही तुमची मर्यादा धरा. वरची सगळी चित्रे समाधानकारक असतील तरच तेवढे सांगा; निम्मे आगाऊ, आणि उरलेले साडी हाती येऊन उलगडून पाहिल्यावर दोन दिवसांत. पार्सल फोडताना चित्रीकरण करा.

ती अडून बसली, तर येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे. ३५,००० रुपयांत तिथे हातमागावरची नवी पैठणी हाताने चाचपून, उलटसुलट पाहून घेता येईल. तिची जर बहुधा तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली असेल, तेवढे विचारून घ्या. विक्रेतीची नवी छायाचित्रे आली की पैसे पाठवण्यापूर्वी मलाही दाखवा.