डीएनएसमास्कचा लॉग: सुरुवातीला एवढंच कर

भाऊ, लॉग बघून घाबरू नकोस. लिबव्हर्ट म्हणजे व्हर्च्युअल मशीनं सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या डिफॉल्ट नेटवर्कवर डीएचसीपी (मशीनला आयपी पत्ता देणं) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) ही दोन्ही कामं डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रामच बघतो. आमच्या जळगावात लाइट येऊन सगळी मशीनं एकदम उठली की मी जर्नल (सिस्टिमचा लॉग) उघडतो. डिस्कव्हर (मशीन सर्व्हर शोधतं), ऑफर (सर्व्हर पत्ता देऊ करतो), रिक्वेस्ट (मशीन तो मागतं), ॲक (सर्व्हर तो पक्का करतो) या चार ओळी आधी ओळखायला शीक. डिस्कव्हर-ऑफरच फिरत राहिलं, तर ऑफर बहुधा मशीनपर्यंत पोचत नाहीये, फायरवॉल बघ.

नव्या माणसाच्या ठरलेल्या चुका:

- डीएनएसमास्कची कॉन्फ (सेटिंगची) फाइल हातानं बदलणं. लिबव्हर्ट ती पुन्हा लिहितो, तुझा बदल पुसला जातो. व्हर्श नेट-एडिट ही लिबव्हर्टची कमांडच वापर.
- लॉग-क्वेरीज (प्रत्येक डीएनएस चौकशी लॉगमध्ये लिहिणारा पर्याय) चालू ठेवून विसरणं. माझी डिस्क अशीच भरली होती.

बाकीचे पर्याय महिनाभर राहू दे.