डॉक्युमेंटेशनमधली एक-दोन शब्दांची दुरुस्ती तपासताना काय बघायचं?

ओळी नव्याने मोडल्या असतील तर अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. बदल दाखवणाऱ्या ‘गिट डिफ’ कमांडला ‘--वर्ड-डिफ’ जोडा, नेमका शब्द सापडतो.

खरा घोळ शीर्षकांत होतो. गिटहबवर मार्कडाउनचं शीर्षक बदललं की त्याचा अँकर, म्हणजे थेट त्या शीर्षकावर नेणारा लिंकचा शेवटचा भाग, तोही बदलतो. जुन्या लिंक मग एरर न देता पानाच्या सुरुवातीलाच उघडतात, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जुना अँकर बाकीच्या फाइल्समध्ये ‘गिट ग्रेप’ने शोधाच. डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या स्फिंक्स या टूलमध्ये शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड राहिली तर वॉर्निंग येते. बिल्डला कॅपिटल ‘-डब्ल्यू’ लावा, म्हणजे अशी वॉर्निंग आली की बिल्ड फेल होईल.

कोडमधली ‘स्पेलिंगची चूक’ सोर्सशी ताडल्याशिवाय स्वीकारू नका. एचटीटीपीच्या ‘रेफरर’ हेडरमध्ये एक ‘आर’ कमी आहे आणि तेच बरोबर आहे.

स्वल्पविरामासाठी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला आलेला बदल) परत पाठवू नका, गिटहबच्या सजेशनमध्ये दुरुस्ती लिहून द्या.